भाऊंची काळी बिअर

"मॅडम, तुमाले भेव वाटते का?"

खोली पाहायला गेले तेव्हा भाडं, जात, नवरा यांतलं काही न विचारता घरमालकांनी हे विचारलं. मी नुकतीच गडचांदूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. एकटी बाई म्हणून ते विचारत असतील असं वाटून मी ठणकावून सांगितलं, "नाही."

"मंग खोली नाई देत," ते म्हणाले आणि वळून आत निघाले.

आतून त्यांच्या वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "द्या ना भाऊजी. राह्यली का आपोआप भेईन."

अशी मला वरची खोली मिळाली. घरमालकांना सगळी गल्ली भाऊ म्हणायची, मीही म्हणू लागले. वहिनींना मी मोठ्या बाई म्हणायची. भाऊंनी लग्न केलेलं नव्हतं. थोरला भाऊ वारला तेव्हापासून ते आणि मोठ्या बाई, एवढंच घर. भाऊ सिमेंटच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करून रिटायर झालेले.

त्यांच्याइतका घाबरणारा माणूस मी पाहिलेला नाही. गॅसची नळी रोज साबणाचा फेस लावून तपासत. विजेचं बटण लाकडी उलथन्यानं दाबत. मोठ्या बाई मंदिरात निघाल्या की रस्ता ओलांडून होईपर्यंत फाटकात उभे राहत, आणि ट्रक लांब असला तरी "थांबा, थांबा" म्हणत. स्वतःसाठी ते फारसे भीत नसत, हे मला उशिरा कळलं. दुसऱ्याच्या जिवाचं त्यांना सतत काहीतरी दिसत असे.

आणि ते सगळ्याची चव घेत. नळाचं पाणी तोंडात फिरवून म्हणत, "आज टाकी धुतली वाट्टे." दूधवाल्यासमोर दूध चाखत. कारखान्यात असताना भट्टीतून निघालेल्या खड्याला जीभ लावून पाहत आणि मग यंत्रावर तपासत, असं त्यांचे जुने सोबती हसून सांगत. "डोयाले फसवता येते, मॅडम," भाऊ म्हणत. "जिभेले फसवाले गेलं त ते थुकून टाकते."

दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडायच्या आधी भोंगा होतो. गावात कुणी त्यासाठी हातातला घास थांबवत नाही. भाऊ मात्र भोंगा ऐकला की मागच्या खोलीकडे धावत. तिच्या दाराला सदैव कुलूप असे. धडाका व्हायचा, मांडणीवरची ताटं थरथरायची, आणि भाऊ दाराला कान लावून उभे. थोड्या वेळानं सुस्कारा सोडून परत येत. मी विचारलं तर म्हणत, "जुनं सामान आहे."

त्या खोलीतून मला आवाज यायचा. माझी खोली बरोबर वर. सगळं शांत असलं की खाली कुणीतरी पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडतंय असं ऐकू येई. बुळुक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा बुळुक. काही दिवस मी दाराला आतून खुर्ची लावून झोपले. मग एक वास येऊ लागला, भाकर करपल्याचा, त्यात संत्र्याची साल, त्यात लवंग. आणि एका उन्हाळ्याच्या दुपारी, सुरुंगाच्या मागोमाग, खालून बंदुकीच्या गोळीसारखा आवाज आला. मी जिना उतरून धावले. खोलीचं दार उघडं होतं. भाऊ उंबऱ्यात उभे, शर्टावर काळसर फेस, हाताला काच लागून रक्त.

"पाह्यलं ना तुमी," ते म्हणाले. "आता तुमाले बी भेव लागन."

जमिनीवर ओल्या वाळूची रास होती आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या काळ्या बाटल्या. कोपऱ्यात प्लास्टिकचा पिंप, त्याच्या झाकणातून नळी निघून पाण्याच्या बरणीत सोडलेली. नळीच्या टोकातून बुडबुडा आला. बुळुक.

तेव्हा आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. शेजारच्या गडचिरोलीत तर माझ्या लहानपणापासूनच. बाटली सापडली तर काय होतं ते रोज पेपरात यायचं. माझी नोकरी कच्ची होती. शिवाय आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून दारूचा थेंब कुणाच्या ओठाला लागला नव्हता. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला वडील माझ्याकडे आणि भावाकडे डोळे वळवून पाहत. आणि मी दारूच्या कारखान्यावर अंथरूण घालून झोपत होते.

मी खोली सोडणार होते. पण मोठ्या बाईंनी त्या संध्याकाळी मला धने निवडायला बसवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांचा नवरा, म्हणजे भाऊंचा थोरला भाऊ, ट्रक चालवायचा. तिकडे भामरागडच्या रस्त्याला नात्यातलं लग्न होतं. मांडवामागे गडीमाणसांनी कुठून तरी आणलेली दारू घेतली. भाऊ तेव्हा कॉलेजात. त्यांच्याही हातात पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला, चव बरी वाटली नाही, म्हणून गुपचूप झाडाच्या बुडाशी ओतून टाकला. थोरल्याला काही बोलले नाहीत. सगळे हसतील म्हणून.

"दुसऱ्या दिवशी हे उठले," मोठ्या बाई धन्यातली काडी बाजूला काढत म्हणाल्या. "अंगनात ऊन पडलं होतं. मले म्हनते, लाईट काऊन गेली? म्या म्हटलं, दिवस आहे जी. त मले म्हनते, खोटं नको बोलू."

चंद्रपूरला पोचायच्या आत ते गेले होते.

त्यानंतर भाऊंनी दारूकडे पाहिलंही नव्हतं. मग त्यांच्या नोकरीच्या शेवटी शेवटी, बंदी यायच्या आधी, कारखान्यात यंत्र बसवायला बेल्जियमचा एक म्हातारा इंजिनिअर आला. जाताना त्यानं बॅगेतून एक काळी बाटली काढून दिली. भाऊंनी ती तशीच कितीतरी दिवस ठेवली. एकदा दाराला कडी लावून उघडली आणि बशीत ओतून बोटानं चाखली.

"त्या दारूनं माह्यापासून काई लपवलं नाई," भाऊ मला सांगत. बोलताना त्यांचा आवाज बारीक होई. "जयलेली साखर, ते बी लागे. धने, ते बी लागे. संत्र्याची साल, दालचिनी, सगळं आपापलं नाव सांगे. दादानं पेली ते मुकी होती, मॅडम. मुकी दारू मारते."

बाटलीच्या तळाशी गाळ राहिला होता. भाऊंनी तो साखरेच्या पाण्यात घालून जगवला. दह्याचं विरजण राखावं तसा फ्रिजमध्ये राखला. जव भिजवून, मोड आणून, गच्चीवर वाळवून लोखंडी कढईत भाजायचे. साखर काकवीसारखी काळी होईस्तोवर जाळायचे. कडवटपणासाठी लागणारी सुकी फुलं कुरिअरनं यायची, पाकिटावर काढ्याची वनस्पती असं लिहिलेलं असे. सगळं शिजवून, निववून पिंपात, पिंपातून बाटल्यांत, बाटल्या वाळूत. महिनोन् महिने.

आणि हे सगळं करून ती बिअर ते कुणालाही देत नसत. नवी बाटली उघडली की स्वतः छोटा स्टीलचा पेला घेत, उरलेली मोरीत ओतत. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात उभे राहून जाणाऱ्या ट्रकांचे नंबर मोठ्यानं वाचत. बरोबर वाचता आले की मोठ्या बाई चहा ठेवत.

"कुणाला द्यायची नाही तर करता कशाला?" मी एकदा विचारलं.

"साधते का पाहाले."

"साधली ना आता."

"माह्या जिभेले साधली. दुसऱ्याचा जीव म्या कसा लावू?"

मी त्यांना शाळेतल्यासारखं समजावलं. डोळे घालवणारं विष म्हणजे मिथेनॉल, धान्य आणि साखर आंबवून ते एवढं तयार होत नाही, ते बाहेरचं स्पिरिट मिसळल्यानं येतं, आणि मुळात जिभेला ते विष ओळखता येत नाही. ते सगळं ऐकून घेत. "पुस्तकात खरंच असन," म्हणत. "पन पेल्यात काय आहे, ते पुस्तकाले का मालूम?"

मी राहिले. रोज शाळेतून येताना वळणावरून आधी फाटकाकडे पाहायची, पोलिसांची गाडी उभी आहे का म्हणून. गाडी नसायची. तरी जिना चढताना एकदा मागे वळून पाहायची.

बाटली फुटल्यावर भाऊंनी मागच्या खोलीच्या खिडकीला जाळी बसवून घेतली. शेजारचा मारोती वेल्डिंगचं काम करायचा, त्यानं बसवली. मारोती चांगला माणूस, पण पिणारा. जाळी बसली त्या संध्याकाळी भाऊंनी वाळूत हात घालून चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एक बाटली नव्हती.

"मारोतीले विचारतो," ते म्हणाले. पण गेले नाहीत. विचारायचं म्हणजे बाटली होती हे कबूल करायचं. रात्रभर खाली त्यांच्या येरझारा चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी विहारात जायला पांढरी साडी नेसून जिना उतरत होते, तेवढ्यात मारोतीची बायको सुनंदा फाटक ढकलून आत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"भाऊ, चला ना जी! याले दिसून नाई राह्यलं. पांढरं पांढरं म्हनते. सारखा ओकून राह्यला."

भाऊंच्या हातातला तांब्या खाली पडला. आम्ही तिच्यामागे धावलो. मारोती खाटेवर पोट धरून बसला होता, डोळे उघडे, पण आमच्याकडे न पाहणारे. खाटेखाली भाऊंची काळी बाटली रिकामी पडली होती.

"काय पेला, मारोती?" भाऊंनी विचारलं. "एवढीच पेला का अजून काई? सांग ना बाप्पा."

मारोती काही बोलेना. पोलिसांच्या भीतीनं, बायकोच्या भीतीनं, की चोरीच्या, कोण जाणे. तो नुसती मान हलवत राहिला. सुनंदा चौकातून जीप आणायला धावली.

भाऊ घरी परतले आणि सरळ मागच्या खोलीत गेले. मी मागोमाग. त्यांनी त्याच खेपेची एक बाटली वाळूतून उपसली, बूच काढलं, पेल्यात ओतली. फेस मनगटावर सांडला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला अजून भीती वाटते.

"मॅडम, मले चवच लागून नाई राह्यली."

"काय?"

"काईच नाई. पानी पेल्यासारखं लागून राह्यलं. माही जीभ मेली." ते भिंतीला टेकून खाली बसले. "मुकी झाली का हे? का म्याच... मले कसं समजन आता?"

पेला त्यांच्या हातातून निसटत होता म्हणून मी धरला. आणि मग तो माझ्याच हातात राहिला. जिभेनं काही सिद्ध होत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पुस्तकातलं सगळं मला येत होतं. तरी खाटेवरच्या मारोतीचे डोळे समोर होते, आणि पुस्तक चुकलं असेल तर हा पेला माझे डोळे घेऊन जाणार होता. अंगावर विहारात जायची साडी होती. वडिलांची नजर आठवली. मी प्यायले.

"सांगा," भाऊ कुजबुजले. "जे लागन ते सांगा. एकेक."

सुरुवातीला नुसता फेस, जाड, सायीसारखा. मग जीभ चुरचुरली. "गूळ," मी म्हटलं. "कढईला लागून करपलेला गूळ."

"आनखी?"

"भाकरीचा जळका पापुद्रा. मनुका. नाही, खारीक, भिजवलेली." घोट खाली उतरताना छातीत ऊब पसरली आणि मी दचकले, विष असंच उतरत असेल असं वाटून. "संत्र्याची साल. धने आहेत. लवंग मागून येते, दाताच्या दुखण्यावर लावतात तशी."

"कडू?"

"शेवटी आहे."

"कोनचं कडू? कडुनिंबाचं का औषधाचं?"

मी आणखी एक घोट घेतला. "मेथीदाण्याचं. साधं, घरातलं कडू."

"असं काई आहे का, ज्याचं नाव नाई सांगता येत?"

मी डोळे मिटून शोधलं. शोधताना वाटलं, सापडलं तर काय करायचं?

"नाही," मी म्हटलं. "सगळ्याला नाव आहे."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. भाऊ भिंतीला धरून उठले, अर्धी बाटली बूच लावून पिशवीत घातली.

"ही कशाला नेता?" मी पिशवीला हात घातला. "तुमच्या बिअरनं नाही झालं हे. दुसरं काहीतरी प्यायलाय तो. दवाखान्यात ही दाखवलीत तर तिथूनच पोलीस येतील."

"येऊ द्या. त्यानं काय पेलं ते डॉक्टरले माहीत नसन, त काय पाहून इलाज करन?" त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "मांडवात म्या तोंड नाई उघडलं, मॅडम."

जीप गेली. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना माझ्या तोंडाचा वास आला असणार. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

तो दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. भाऊंचा फोन लागत नव्हता. मी सारखी खिडकीतून लांबचं काही पाहायची, कारखान्याचं धुराडं, तारेवरचा पक्षी, आणि जरा अंधुक वाटलं की डोळे चोळायची. चोळल्यानं आणखी अंधुक दिसायचं. शेवटी थकून झोप लागली.

जाग आली तेव्हा डोळे मिटलेलेच होते. उघडायची हिंमत होईना. पापण्यांवर उजेड आहे की नाही तेही कळेना, कारण मी त्या घट्ट आवळल्या होत्या. आणि खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं.

"उघड माय," मोठ्या बाईंचा आवाज आला. "म्या इथंच आहो."

मी डोळे उघडले. त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या, रात्रभर बसल्या असाव्यात. खिडकीतून ऊन आलं होतं.

"मी कोन आहो?" त्यांनी विचारलं.

"मोठ्या बाई."

"साडी कोनच्या रंगाची?"

"हिरवी. काठ लाल."

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हुंदके देऊन रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

भाऊ दुपारच्या बसनं चंद्रपूरहून आले. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. ते पायरीवर बसले आणि सांगू लागले. दवाखान्यात पोचल्याबरोबर त्यांनी सगळ्यांसमोर बाटली टेबलावर ठेवली होती आणि म्हणाले होते, ही माझी, मी बनवली, यानं ही प्यायली. खाटेवर मारोतीनं ते ऐकलं आणि तो रडायलाच लागला. मग त्यानं तोंड उघडलं. आदल्या दिवशी चौकात कुणीतरी विकलेली स्वस्तातली दारूची पिशवी त्यानं आधी घेतली होती, आणि त्यावर भाऊंची बाटली. पिशवीतल्यात विष होतं.

"डॉक्टर म्हनते, या विषाले साधी दारूच अडवते थोडा वेळ," भाऊ म्हणाले. स्वतःच्याच बोलण्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "तुमच्या बाटलीनं वेळ भेटला असन म्हनते. नक्की सांगता नाई येत म्हनते, पन असन. त्याले दिसते आता. धुकं आहे, पन सुनंदाले त्यानं वळखलं."

मोठ्या बाईंनी ताट वाढलं. भाऊंनी हात धुतला, पहिला घास घेतला आणि फाटकाबाहेर गाडी थांबली. मी रोज वळणावरून जिला शोधायची, तीच गाडी.

भाऊंनी एकदा फाटकाकडे पाहिलं.

"जेवून घ्या पयले," मोठ्या बाई म्हणाल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या. जमादाराला त्यांनी अंगणातली खुर्ची दाखवली. तोही बसला.

जेवून भाऊंनी मागच्या खोलीचं कुलूप स्वतः काढलं. शिपायांनी वाळूतून एकेक बाटली उपसून अंगणात मांडली, एक-दोन पिशवीत सील केल्या आणि बाकीच्या तिथेच दगडावर फोडल्या. फेस मोरीपर्यंत वाहत गेला. गल्लीभर करपलेल्या गुळाचा आणि संत्र्याचा वास सुटला. लोक भिंतीवरून पाहत होते. "साहेब, जरा मांगं सरका, काच उडन डोयात," भाऊ शिपायाला सांगत होते. "आत दाब आहे, जपून फोडा." पिंपाच्या वेळी मात्र ते तोंड फिरवून उभे राहिले. फ्रिजमधली बरणीही गेली.

वर कोण राहतं असं जमादारानं विचारलं. "भाडेकरू मॅडम आहे," भाऊ म्हणाले. "त्यायले काई माहीत नाई." मी पुढे होऊन बोलणार, तोच मोठ्या बाईंनी माझं मनगट मागून इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

केस पुढे रेंगाळत चालली आणि दंडावर मिटली. मधल्या काळात बंदीही उठली. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ तुरुंगात जाणार एवढंच आम्हाला दिसत होतं.

शिपायानं जीपचं मागचं दार उघडलं. भाऊ चढले, बसले, आणि एकदम काहीतरी विसरल्यासारखे पुन्हा बाहेर वाकले. मला वाटलं गॅस बंद करायला सांगतील.

"मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, लग्न ठरलेल्या पोरासारखी. "एक सांगाचंच राह्यलं. मारोती मले हळूच म्हनला, भाऊ, पन तुमची लय चांगली होती."

दार बंद झालं आणि जीप निघाली.